चार वाजताची भूक

कोणत्याही कचेरीत दुपारचे चार वाजू लागले म्हणजे कामाचा वेग किंचित मंदावतो, खुर्च्या मागे सरकतात आणि चहाच्या पेल्यांचा किणकिणाट ऐकू येऊ लागतो. त्या आवाजामागोमाग काय येते, हे मात्र गावागणिक बदलते. मुंबईत बटाटेवडा येतो, दिल्लीत समोसा किंवा ब्रेडपकोडा येतो, चेन्नईत मेदूवडा येतो, आणि कोलकात्यास शिंगाडा या नावाने जे ताटलीत पडते तेही समोशाचेच भावंड असते. पदार्थाचे नाव बदलते, भाषा बदलते. पण वेळ बदलत नाही, आणि त्या वेळेला लागणारी भूकही बदलत नाही. बैठे काम करणाऱ्या माणसाच्या प्रकृतीचा विचार करावयाचा तर तो या चार वाजताच्या भुकेपासून आरंभणे सोयीचे ठरते.

कचेरीत काम करणाऱ्याचे वजन एकाएकी वाढत नाही. उदाहरणादाखल असा एक लिपिक कल्पावा, की जो पंचविसाव्या वर्षी नोकरीस लागला तेव्हा त्याचे वजन ५८ किलो होते आणि पंचेचाळिसाव्या वर्षी ते ७४ किलो झाले आहे. वीस वर्षांत सोळा किलो, म्हणजे वर्षाला आठशे ग्रॅम, म्हणजे दिवसाला जेमतेम सव्वादोन ग्रॅम. साखरेच्या एका लहान चमच्यात जितकी ऊर्जा असते, तितकीच काय ती रोजची शिल्लक. सरकारी हिशेबात एवढी रक्कम कोणी विचारातही घेणार नाही. परंतु शरीराच्या जमाखर्चात ती विनाचूक पुढे ओढली जाते. पट्ट्याचे एक भोक पुढे सरकते, मग दुसरे. आणि एके दिवशी दोन जिने चढताना लागलेला दम त्या साऱ्या बाक्या एकदम दाखवून देतो.

अशा माणसाला जिभेचे चोचले पुरवणारा म्हणून हिणवण्याची आपल्याकडे रीत आहे. तो दोष पुष्कळ अंशी अन्यायाचा आहे, हे दाखवणारी एक महत्त्वाची पाहणी भारतातच झालेली आहे. कोलकात्याजवळ हुगळीच्या काठी चेंगाईल येथे तागाची एक गिरणी होती. तेथील २१३ माणसांचा आहार, वजन आणि श्रम यांचा अभ्यास जाँ मेयर या आहारशास्त्रज्ञाने आपल्या भारतीय सहकाऱ्यांसह केला व तो १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसभर गादीवर बसणारे दुकानदार, देखरेख करणारे पर्यवेक्षक, लिपिक, यंत्रावरचे कामगार आणि ओझी वाहणारे मजूर, असे सर्व थर त्यात होते. अपेक्षेप्रमाणे, हलक्या श्रमांकडून जड श्रमांकडे जावे तसा आहार वाढत होता व वजन बेताचेच राहत होते. परंतु जे अगदीच बसून होते, त्यांचा आहार हलके श्रम करणाऱ्यांपेक्षा कमी नव्हता, उलट अधिकच होता. आणि वजन तर सर्वांत जास्त होते.

याचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. माणूस हालचाल करतो तोवर त्याची भूक श्रमाच्या मागे चालते. हालचाल एका मर्यादेखाली गेली की भूक आणि श्रम यांची ही संगत सुटते. गरज कमी झाली आहे, ही वार्ता पोटापर्यंत पोहोचतच नाही. निरोगी माणसांना काही दिवस मुद्दाम बसते ठेवून केलेल्या पुढच्या काळातील प्रयोगांतही असेच आढळले, की खर्च घटला तरी खाणे त्या प्रमाणात घटले नाही. तात्पर्य, कचेरीतल्या माणसाची भूक खोटी नसते. ती केवळ बेहिशेबी झालेली असते.

बैठेपणाचा दुसरा धडा लंडनच्या दुमजली बसगाड्यांतून मिळाला. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये असे दाखवून दिले, की दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांच्या मानाने जिना चढ-उतर करून तिकिटे देणाऱ्या वाहकांना हृदयविकाराचा उपद्रव कमी होतो. पुढे १९५६ मध्ये त्यांनी गणवेषांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारी कमरेला अधिक रुंद आढळल्या. हा फरक तरुण वयापासूनच दिसत असल्याने साऱ्याचे श्रेय जिन्याला देता येत नाही, ही सावधगिरी बाळगलीच पाहिजे. तरीसुद्धा त्यानंतरच्या कित्येक अभ्यासांनी मूळ मुद्दा उचलून धरला आहे: कामाच्या ओघात नकळत होणारी हालचाल ही फार मोलाची वस्तू आहे. आपल्या कचेऱ्यांत ती घंटेच्या एका बटनाने नाहीशी केली. साहेब घंटा वाजवतात, शिपाई चालतो. आणि आता तर फाईलही संगणकाच्या पडद्यावरूनच प्रवास करते.

“परंतु आपण कुठे एवढे लठ्ठ आहोत?” असा प्रश्न येथे कोणी विचारील. भारतीयांच्या बाबतीत हे समाधान फसवे असते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचेही वजन आणि उंची यांचे गुणोत्तर एकच, २२.३, म्हणजे दोघेही दिसावयास सडसडीत. परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के निघाले. हातपाय बारीक आणि मेद मात्र पोटाशी, ही आपल्याकडची सर्वसाधारण ठेवण आहे. म्हणूनच २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आपल्या लोकांसाठी मर्यादा खाली आणल्या. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा २३ किंवा अधिक असल्यास वजन जादा समजावे, २५ झाल्यास स्थूलता समजावी. कमरेचा घेर पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या व स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची फीत या बाबतीत अधिक खरे बोलते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे देशात सुमारे दहा कोटी दहा लक्ष मधुमेही आहेत. चाळिशीच्या घरातील कमावता माणूस या संख्येत जाऊन बसला, म्हणजे त्याची किंमत तो एकटाच देत नाही. सारे घर देते.

आता पुन्हा चार वाजताच्या भुकेकडे वळू. ती एक नसून तीन भुकांची मिसळ असते. पहिली खरी भूक. दुपारी एक वाजता डबा आणि रात्री नऊ वाजता जेवण, हे आठ तासांचे अंतर मोठे आहे. मध्ये काही खावेसे वाटणे हा अपराध नव्हे. दुसरी भूक म्हणजे वेषांतर केलेला थकवा. दुपारनंतर माणसाची तरतरी निसर्गतःच काही काळ ओसरते, जेवण झालेले नसले तरी ओसरते. अशा वेळी मनाला हवी असते विश्रांती, आणि त्याला मिळतो वडा. तिसरी भूक भिडेची. कोणास बढती मिळाली, कोणाला मुलगी झाली, कोणी सेवानिवृत्त होत आहे. पेढ्यांचा पुडा टेबलाटेबलावरून फिरतो. नको म्हणावे तर आनंदावर विरजण पडते, आणि चाळीस माणसांच्या कचेरीत असा आनंद आठवड्यातून एकदा तरी येतोच. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. ती मधुमेहाचीही दूरची नातलग असावी.

या खाण्याचा हिशेब डोळ्यांपुढे ठेवणे उपयोगाचे ठरते. मध्यम आकाराच्या समोशात साधारण अडीचशे ते तीनशे उष्मांक असतात. साठ-पासष्ट किलो वजनाचा माणूस एक किलोमीटर चालला तर पन्नास-साठ उष्मांक खर्च होतात. म्हणजे पाच मिनिटांत संपलेल्या समोशाची फेड करण्यास चार-पाच किलोमीटरची वाट तुडवावी लागते. चहाचे गणित तर त्याहून अधिक लपते. दोन चमचे साखरेचे चार पेले म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवलेली उत्तम मर्यादा साऱ्या दिवसाला साधारण २५ ग्रॅमची आहे. अर्धा-अर्धा चमचा करून महिन्या-दोन महिन्यांत साखर उतरवली, तर जीभ फारशी तक्रार न करता नव्या चवीस रुळते.

तथापि केवळ आकडे पाठ करून मोह आवरत नाही. दिवसभर टिपणे लिहून, तक्रारी ऐकून मन थकलेले असताना निग्रहावर विसंबणे म्हणजे थकलेल्या बैलाला चढावर जुंपणे होय. निग्रहापेक्षा व्यवस्था बरी. टेबलाच्या खणात बिस्किटांचा पुडा असेल तर तो संपणारच. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या कपाटात असेल तर पुष्कळदा तेथेच राहील. चार वाजता काय खावयाचे हे चार वाजता ठरवू नये, सकाळी डबा भरतानाच ठरवावे. मूठभर फुटाणे, एखादे केळे, पेरू किंवा संत्रे, उसळीची लहान वाटी, ताकाचा पेला, यांपैकी काहीही खऱ्या भुकेस पुरते. शेंगदाणे चांगले, पण त्यांतही तेल पुष्कळ असते, म्हणून मूठ एकच असावी. थकव्याच्या भुकेवर औषध म्हणजे खुर्ची सोडून पाच मिनिटांचा फेरफटका. आणि पेढा समोर आला तर त्याचा अर्धा तुकडा मोडून घेऊन तोंडभर अभिनंदन करावे. देणाऱ्यास अभिनंदनच हवे असते, पेढा किती खाल्ला हे तो मोजत नाही.

व्यायामाच्या बाबतीत एक गैरसमज दूर केला पाहिजे. व्यायाम ही समोशाची शिक्षा नव्हे. वर दिलेल्या हिशेबावरून दिसेलच, की खाणे बेसुमार ठेवून केवळ चालण्याने वजन उतरवणे कष्टाचे आहे. व्यायामाचे खरे फळ निराळे आहे: हृदय बळकट राहते, रक्तातील साखर काबूत राहते, स्नायू झिजत नाहीत आणि उतरलेले वजन पुन्हा चढत नाही. आठवड्यास किमान दीडशे मिनिटे भरभर चालणे आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, एवढी अपेक्षा जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये नमूद केली आहे. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्या सूर्यनमस्काराचा आयुष्यभर प्रसार केला, त्याला सतरंजीएवढी जागा पुरते. मात्र सकाळी व्यायाम केला म्हणून दिवसभर खुर्चीला खिळून राहण्याचा परवाना मिळत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात दर वीस मिनिटांनी दोनच मिनिटे चालणाऱ्यांच्या रक्तातील खाण्यानंतरची साखर सलग बसणाऱ्यांपेक्षा कमी चढली. तेव्हा पाण्याची मोठी बाटली टेबलावर न ठेवता उठून पाणी प्यावे, दूरध्वनीवर उभ्याने बोलावे, आणि घंटा वाजवण्याऐवजी शेजारच्या विभागात स्वतःच जावे.

हा प्रश्न व्यक्तीपुरता नाही. लंडनमधील १८,००० सरकारी नोकरांचा १९६७ पासून जो अभ्यास झाला, त्यात सर्वाधिक हृदयविकाराचे मृत्यू वरिष्ठांमध्ये नव्हे, तर निरोप्ये व पहारेकरी यांच्या तळच्या श्रेणीत आढळले. घंटेसरशी चालणारा शिपाई केवळ चालण्याने सुरक्षित होत नाही. ज्याला साहेब मधला खाऊ म्हणतात, तो वडापाव पुष्कळदा त्याचे दुपारचे जेवण असते, कारण त्या पैशात दुसरे काही मिळत नाही. २०२५ च्या जूनमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्व मंत्रालयांस पत्र लिहून कचेऱ्यांत तेल व साखर यांचे प्रमाण सांगणारे फलक लावण्याचा प्रस्ताव मांडला. त्यावर समोसा-जिलबीवर इशारे छापणार अशी आवई उठली आणि जुलैमध्ये सरकारला तसे काही नसल्याचा खुलासा करावा लागला. फलक चांगलाच, पण फलकाखालच्या खिडकीत तळणच स्वस्त आणि उसळ महाग असेल, तर वाचणारा फलक वाचील आणि तळण घेईल. उपाहारगृहाच्या दरपत्रकात उसळ, फळ आणि ताक सर्वांत वरच्या ओळीत, सर्वांत कमी किमतीस आले पाहिजे.

चहाची ही मधली सुटीदेखील काही अनादि कालापासून चालत आलेली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी, विशेषतः पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, चहाच्या व्यापाऱ्यांनी गिरण्या, कारखाने आणि खाणी येथे चहाची दुकाने घालून ती सवय लावली. जी सवय हिशेबाने लावता आली, ती हिशेबाने वळवताही येईल. चार वाजता पंखा तसाच फिरत राहील आणि माणसे एकत्र जमतील. ते जमणे सुखाचे आहे, ते मोडण्याचे कारण नाही. त्या जमण्यात काय ठेवावयाचे, बसून जमावयाचे की चार पावले चालत जमावयाचे, एवढेच प्रत्येक कचेरीने ठरवावयाचे आहे.