जंबेरीच्या जोरावर

मृग बहाराचं संत्रं फेब्रुवारी-मार्चात उतरायला लागलं की वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर या पट्ट्यात सगळीकडे क्रेट भरलेल्या गाड्या दिसतात. व्यापारी बाग घेतो ती मोठ्या मालाच्या हिशेबाने. मागे उरते ती चुरी, म्हणजे लहान फळ. चवीला ते कुठेच कमी नसतं, उलट आंबटगोड आणि वासाला जरा जास्तच तीव्र. पण त्याला भाव नाही. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेल्यापासून तर मोठ्या मालाचीच पंचाईत, तिथे चुरीला कोण विचारतो? या चुरीचं घरच्या घरी मार्मालेड करता येतं आणि ते उत्तम होतं. अट एकच: ते धरलं पाहिजे. बाटली तिरकी केली की पाकासारखं ओघळणारं मार्मालेड कितीही चवदार असलं तरी ते मार्मालेड नव्हे.

वऱ्हाडातल्या बायकांच्या हाताला पाक नवीन नाही. आवळ्याचा मुरांबा, कैरीचा साखरांबा, लाडवाचा पाक, सगळं बोटांच्या चिमटीत तार ओढून जमतं. मार्मालेडात मात्र हीच सवय आडवी येते. तारेवर आणलेलं मार्मालेड बाटलीत एक तर चिक्कीसारखं कडक होतं, नाही तर चिकट राहतं आणि पुढे त्यात साखरेचे खडे धरतात. "पाक तर तारेवर आला, मग हे असं काऊन झालं बाई?" हा प्रश्न फळप्रक्रियेच्या वर्गात हमखास येतो. त्याचं उत्तर असं की मार्मालेड साखरेने घट्ट होत नाही. ते घट्ट होतं सालीने, सालीच्या आतल्या पांढऱ्या थराने आणि बियांनी, म्हणजे संत्रं खाताना आपण जे जे टाकून देतो त्याने.

त्या टाकाऊ भागात पेक्टिन असतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी 1825 साली त्याचं वर्णन केलं. पेक्टिनच्या लांबलचक साखळ्या पाण्यात एकमेकींना दूर लोटत राहतात, कारण त्यांच्यावर सारखाच विद्युतभार असतो. आंबटपणा हा भार मारतो आणि साखर भोवतालचं पाणी ओढून घेते. मग त्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि त्यांच्या जाळ्यात रस अडकून बसतो. त्यासाठी साखर शेकडा 65 च्या आसपास आणि सामू 3 च्या जवळ लागतो. आपल्याकडच्या 1955 च्या फळ उत्पादन आदेशातही मार्मालेडला किमान 65 टक्के विद्राव्य घटक आणि 45 टक्के फळ असा दंडक होता. बागेत गोडी मोजायला जो रिफ्रॅक्टोमीटर वापरतात, त्यानेच हे 65 पाहता येतं. मुद्दा इतकाच की पेक्टिन, आंबट आणि साखर यातलं एक जरी कमी पडलं तर बाकीच्या दोघांनी कितीही जोर लावून भागत नाही.

आपल्या संत्र्याची अडचण नेमकी इथे आहे. मार्मालेडचं घराणं सेव्हिलच्या कडू नारिंगाचं. स्कॉटलंडमधल्या डंडी गावात जेनेट कीलरने 1797 साली मार्मालेडचा धंदा सुरू केल्याचं सांगतात, तोही त्याच नारिंगावर. ते फळ नुसतं खाववत नाही, पण जाड साल, भरपूर पांढरा थर, भरपूर बिया आणि कडक आंबट असा सगळा ऐवज एकाच फळात असतो. नागपुरी संत्रं याच्या अगदी उलट. अठराव्या शतकात रघुजीराजे भोसल्यांनी ते औरंगाबादहून आणलं असं मानतात, आणि 2014 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. ते हातात घेऊन खाण्याचं फळ आहे. साल सुटी आणि नखाने निघणारी, पांढरा थर नावापुरता, पिकल्यावर आंबटपणा उतरलेला. नुसत्या संत्र्यावर भिस्त ठेवली तर ते धरत नाही, आणि धरेल म्हणून आटवत बसलं की वास उडून जातो.

पण जिच्या आधारावर ते झाड उभं असतं ती जंबेरी या सगळ्या उणिवा भरून काढते. शेंदूरजना घाट आणि आसपासच्या रोपवाटिकांत जंबेरीचं बी टाकून खुंट वाढवतात आणि त्यावर संत्र्याचा डोळा भरतात. जंबेरीचं फळ खडबडीत, जाड सालीचं, बियांनी भरलेलं आणि दात आंबवणारं. बी काढून घेतलं की त्या फळाकडे कुणी पाहत नाही. माझं स्पष्ट मत आहे की वऱ्हाडी मार्मालेडाचा कणा ही जंबेरीच आहे. परदेशी पाककृतीत सेव्हिलचं नारिंग लिहिलंय म्हणून दुकानातून पेक्टिनची पूड आणण्याआधी आपल्या रोपवाटिकेकडे बघावं. जंबेरी मिळालीच नाही तर जाड सालीची लिंबं घ्यावीत.

एक किलो संत्र्याला दोन जंबेऱ्या किंवा पाच-सहा लिंबं पुरतात. संत्री गरम पाण्यात चोळून धुवायची. साल काढून तिचे काडीसारखे बारीक काप करायचे. रस काढून बाजूला ठेवायचा. जंबेरीची वरची पिवळी साल पातळ सोलून टाकायची, कारण तिचा उग्र दर्प संत्र्याला मारून टाकतो. आतला पांढरा भाग, चोथा आणि सगळ्या बिया मलमलच्या फडक्यात बांधून पुरचुंडी करायची. काप, पुरचुंडी आणि दोन्ही फळांचा रस दीड लिटर पाण्यात रात्रभर भिजू द्यायचा. सकाळी बियांभोवती बुळबुळीत थर आलेला दिसतो. तेच पेक्टिन.

मग मंद आचेवर तास-दीड तास शिजवायचं. साल दोन बोटांत दाबली की विरघळावी इतकी मऊ झाल्याशिवाय साखर घालायची नाही. साखर पडली की साल तिथेच थांबते, पुढे कितीही शिजवा, ती चामट राहते. साल मऊ झाली की पुरचुंडी ताटलीत काढून जरा निवू द्यायची आणि पक्की पिळायची. आधी पाणी येतं, मग पेजेसारखा दाट, चकचकीत रस फडक्यातून सरकत बाहेर येतो. हा शेवटचा रस पातेल्यात पडला नाही तर सगळी मेहनत फुकट. हात दुखेपर्यंत पिळावं.

इथे एक जुनी चाचणी करून घ्यावी. चमचाभर निवलेल्या रसात तीन चमचे स्पिरिट घालून वाटी हलकेच फिरवायची. रसाचा एकच गोळा झाला तर पेक्टिन भरपूर आहे, एक किलो फळाला एक किलो साखर खुशाल घालावी. दोन-तीन गुठळ्या झाल्या तर साखर पाऊण किलो. नुसते बारीक कण तरंगले तर रस आणखी आटवायचा. वाटीतलं मिश्रण चाखायचं नाही, फेकून द्यायचं.

साखर मंद आचेवर पूर्ण विरघळली की मात्र आच मोठी. पातेलं पसरट हवं आणि अर्ध्याच्या वर भरलेलं नको, कारण फेस भराभर वर चढतो. आधीचं शिजणं जितकं निवांत तितकं हे झटपट झालं पाहिजे. आंबट रसात पेक्टिन फार वेळ उकळलं की त्याच्या साखळ्या तुटतात, आणि मग घट्ट होण्याऐवजी ते दर मिनिटाला सैल होत जातं. पंधरा-वीस मिनिटांत बुडबुड्यांचा आवाज बदलतो. पाण्यासारखी खळखळ जाऊन जड, रटरट आवाज येतो.

पुस्तकं 104-105 अंश सांगतात, पण तो आकडा समुद्रकाठचा. अमरावती साधारण 340 मीटर उंचीवर आहे, इथे पाणीच 99 अंशांच्या आसपास उकळतं, तेव्हा 103 ते 104 पुरे. चिखलदऱ्याला, अकराशे मीटरवर, 101 लाच थांबावं लागेल. तिथे 105 ची वाट पाहणाऱ्याला मार्मालेड नव्हे, गोळ्या मिळतील. थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात धरावा आणि त्यात पाच अंश मिळवावेत.

थर्मामीटरपेक्षा माझा भरवसा बशीवर आहे. बशी फ्रिजमध्ये थंड करून ठेवायची. गॅस बंद करून तिच्यावर थेंब टाकायचा, मिनिटभर थांबायचं आणि बोटाने हळूच ढकलायचं. थेंबावर सुरकुती पडली, बोट काढल्यावर ती तशीच राहिली आणि मधली वाट भरून आली नाही, म्हणजे झालं. गॅस बंद करायचा, हे विसरू नये. चाचणी चालू असताना खाली उकळी चालू राहिली तर नेमकी ती दोन मिनिटं जास्तीची होतात.

लगेच बाटलीत भरलं तर साली वर तरंगतात आणि खाली नुसती जेली राहते. दहा-बारा मिनिटं थांबून, एकदा ढवळून, मग उकळून कोरड्या केलेल्या गरम बाटल्यांत भरावं. दोन दिवस बाटली हलवू नये. जाळं तयार होत असताना मोडलं की ते पुन्हा तसं बसत नाही. एकदा धरलेलं मार्मालेड मात्र मे महिन्यात पारा 45 वर गेला तरी वितळून पाणी होत नाही. आंबट फार झालं असेल तर वर थोडं पाणी सुटतं, एवढंच.

कडवटपणाबद्दल तक्रार येते. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडू होतो, कारण त्यात लिमोनिन तयार होतं. रसाच्या कारखान्यांची ही जुनी डोकेदुखी आहे. नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशनच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेला आणि पुढे महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाकडे आलेला 'नोगा' आपल्याकडे घरोघरी पोचला, पण संत्र्याच्या पट्ट्यात प्रक्रिया म्हटलं की अजूनही पहिला विचार रसाचाच होतो. मला हे पटत नाही. रसात जो दोष, तोच मार्मालेडात गुण आहे. थोडा कडवटपणा नसेल तर तो नुसता संत्र्याचा जॅम. ज्यांना तो फारच लागतो त्यांनी सालीचे काप आधी पाच मिनिटं उकळून ते पाणी फेकावं. पुरचुंडीचं पाणी कधीही फेकू नये.

आणि एवढं करून दोन दिवसांनी बाटली पातळच निघाली, तर सगळं परत पातेल्यात ओतावं, एका जंबेरीचा पांढरा भाग आणि बिया वाटीभर पाण्यात वेगळ्या शिजवून त्यांचा दाट रस त्यात घालावा, आणि मोठ्या आचेवर सुरकुती येईपर्यंतच उकळावं. हे एकदाच. तिसऱ्यांदा पातेलं चढवू नये. तसंच ठेवून उन्हाळ्यात थंड पाण्यात ढवळून सरबताला वापरावं.