मजकूर एक, वेश अनेक

जुन्या वळणाच्या घरात ‘दासबोधा’च्या कधी कधी दोन-तीन प्रती आढळतात. एक प्रत पोथीच्या रूपातील असते. तिची पाने आडवी, लांबट आणि सुटी असून ती तांबड्या वस्त्रात बांधून ठेवलेली असतात. दुसरी प्रत बांधीव ग्रंथाची, मोठ्या टाइपात छापलेली. ती आजीच्या उशाशी असते, कारण बारीक अक्षर आजीला आता लागत नाही. तिसरी प्रत खिशात मावेल एवढी लहान, प्रवासात बरोबर नेण्याजोगी. तिन्ही प्रतींतील ओव्या त्याच, त्यांचा क्रम तोच आणि अर्थही तोच. निराळा आहे तो केवळ वेश. आजीने मोठ्या टाइपातील प्रत वाचली, म्हणून समर्थांचे म्हणणे बदलत नाही. उलट ते तिच्यापर्यंत पोहोचते.

मजकूर आणि त्याचा वेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे छापखान्यात काम करणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. संगणकाच्या पडद्यावर वाचल्या जाणाऱ्या संकेतस्थळांच्या बाबतीत मात्र हे तत्त्व रुजवावे लागले. त्याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहराजवळ ‘सर्न’ नावाची विज्ञान-संशोधन संस्था आहे. तेथे काम करीत असताना टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ साली जगभरची माहिती एकमेकींशी जोडणाऱ्या जाळ्याची कल्पना मांडली. या जाळ्यातील पान ज्या भाषेत लिहितात, तिला एचटीएमएल म्हणतात. ही भाषा मजकुराच्या प्रत्येक भागाला एक खूण लावते. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, असे ती सांगते. शीर्षक तांबडे असावे की निळे, हे सांगणे हे तिचे मूळ काम नव्हे.

परंतु लोकांना आपली पाने सजवावीशी वाटू लागली. मग रंग आणि अक्षरांचा आकार सांगणाऱ्या खुणाही मजकुरातच मिसळू लागल्या. यातून मोठी अडचण उभी राहिली. समजा, एखाद्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर दोनशे पाने आहेत आणि प्रत्येक पानावर पाच उपशीर्षके आहेत. त्या सर्वांचा रंग बदलावयाचा झाल्यास एक हजार ठिकाणी दुरुस्ती करावी लागे. हजारांतील दहा-वीस ठिकाणे हमखास सुटत. शिवाय मजकूर आणि सजावट यांचा असा गुंता होई, की एक सोडवू जाता दुसरे बिघडे.

यावर उपाय सुचविला तो होकोन वियुम ली या नॉर्वेच्या तरुणाने. तोही त्या वेळी ‘सर्न’मध्येच काम करीत होता. १० ऑक्टोबर १९९४ रोजी त्याने आपली योजना प्रसिद्ध केली. तिचे सार असे, की मजकूर एका कागदावर असावा आणि त्याच्या रूपाविषयीच्या सूचना दुसऱ्या कागदावर असाव्यात. या दुसऱ्या कागदाला शैलीपत्रक म्हणता येईल. पुढे बर्ट बॉस हा डच संगणकतज्ज्ञ त्याला येऊन मिळाला आणि दोघांच्या परिश्रमांतून सीएसएस ही शैलीपत्रकांची भाषा तयार झाली. डिसेंबर १९९६ मध्ये तिचे पहिले नियम अधिकृतपणे जाहीर झाले.

शैलीपत्रकातील नियमाची रचना अगदी साधी असते. नियम कोणाला लागू आहे, कोणता गुण ठरवावयाचा आहे आणि त्या गुणाचे मूल्य काय, एवढ्या तीनच गोष्टी त्यात असतात. ‘सर्व उपशीर्षके, रंग, गडद निळा’ हा झाला एक नियम. तो एकदा लिहिला की वाचनालयाच्या दोनशे पानांवरील हजार उपशीर्षके निळी होतात. उद्या ती हिरवी करावयाची असतील, तर एक शब्द बदलला की काम झाले. मजकुराच्या एका अक्षरालाही धक्का लागत नाही.

हे रूप किती पालटू शकते, याचे एक सुंदर उदाहरण आहे. कॅनडातील डेव्ह शे या रचनाकाराने २००३ साली ‘सीएसएस झेन गार्डन’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. त्याने एकच पान सर्वांपुढे ठेवले आणि अट घातली, की मजकुराच्या पानाला हात लावावयाचा नाही. केवळ शैलीपत्रक नवे लिहावयाचे. देशोदेशींच्या कलावंतांनी शैलीपत्रके पाठविली. त्यांतील दोनशेंहून अधिक त्या स्थळावर लागली. कोठे ते पान बागेसारखे दिसे, कोठे जुन्या भित्तिपत्रकासारखे. मजकूर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच होता.

आता एक प्रश्न उभा राहतो. एकाच शीर्षकाविषयी दोन नियमांनी दोन गोष्टी सांगितल्या, तर ऐकावयाचे कोणाचे? सीएसएस या नावातील पहिल्या अक्षराचा शब्द ‘कॅस्केडिंग’ हा आहे. कॅस्केड म्हणजे पायरीपायरीने खाली उतरणारा धबधबा. नियमही असेच एकावर एक येत जातात. सामान्य नियमापेक्षा विशेष नियम प्रबळ ठरतो, आणि दोन्ही सारख्याच बळाचे असतील, तर नंतर आलेला नियम जिंकतो. पाणिनीने संस्कृत व्याकरण रचताना नियमांच्या झगड्याचा असाच विचार करून ठेवला होता. तेथेही अपवाद सामान्य नियमाला बाजूस सारतो.

परंतु खरा झगडा नियमानियमांचा नसून माणसांचा आहे. पान लिहिणाऱ्याला ते एका प्रकारे दिसावेसे वाटते. वाचणाऱ्याला ते दुसऱ्या प्रकारे हवे असते. लेखकाला नाजूक, बारीक अक्षर शोभिवंत वाटते. मंद दृष्टीच्या वाचकाला ते दिसतच नाही. ली याच्या पहिल्या योजनेत या दोघांचा अधिकार टक्क्यांनी वाटून देण्याची कल्पना होती. पुढे ती मागे पडली. १९९६ च्या नियमांत असे ठरले, की ‘हे महत्त्वाचे आहे’ अशी खूण लेखक आणि वाचक या दोघांनीही केली, तर लेखकाचे म्हणणे मानावे. मात्र मे १९९८ मध्ये नियमांची दुसरी आवृत्ती आली आणि हा निवाडा उलटविण्यात आला. तेव्हापासून अशा प्रसंगी शेवटचा शब्द वाचकाचा असतो. ही दुरुस्ती दिसावयास लहान, पण तिचे मोल मोठे आहे. ज्याला वाचावयाचे आहे, त्याच्या गरजेपुढे सजविणाऱ्याची हौस दुय्यम ठरली.

संकेतस्थळ चालविणाऱ्या मंडळींना सर्वच शैलीपत्रके स्वतः लिहावी लागत नाहीत. रंग, अक्षरे, मांडणी आणि चित्रे यांचा तयार संच मिळतो. त्याला थीम म्हणतात. थीम म्हणजे जणू दुकानातून आणलेला तयार सदरा. बाही लांब झाली, तर शिंपी ती आखूड करून देतो. परंतु थीममध्ये फेरफार करताना जाणते लोक मूळ संचाला हात लावीत नाहीत. ते आपले छोटेसे पत्रक निराळे लिहितात आणि ते मूळ पत्रकानंतर जोडतात. नंतरचा नियम जिंकतो, म्हणून त्यांचा बदल लागू होतो. याचा लाभ असा, की मूळ थीमची सुधारलेली आवृत्ती आली तरी त्यांचे काम पुसले जात नाही. आणि काही चुकले, तर आपले पत्रक काढून टाकताच सारे पूर्ववत होते.

ज्या संकेतस्थळावर हजारो माणसे एकत्र काम करतात, तेथे वेश कोणी ठरवावा? विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशाने यावर काढलेला मार्ग पाहण्यासारखा आहे. हा ज्ञानकोश २००१ साली इंग्रजीत सुरू झाला आणि २००३ साली त्याची मराठी शाखा निघाली. तेथे सर्वांना लागू होणारे एक शैलीपत्रक असते. त्यातील एका चुकीने लक्षावधी वाचकांची पाने बिघडू शकतात. म्हणून २०१८ पासून ते बदलण्याचा अधिकार मोजक्या विश्वासू सदस्यांपुरताच ठेवला आहे. पण त्याच वेळी प्रत्येक नोंदणीकृत सदस्याला स्वतःचे असे एक वेगळे शैलीपत्रक मिळते. त्यात त्याने काहीही लिहिले, तरी ते त्याच्या पडद्यापुरतेच राहते. सर्वांच्या अंगणात जपून पाऊल टाकावे, आपल्या खोलीत मन मानेल तशी मांडामांड करावी, असा हा न्याय आहे.

जानेवारी २०२३ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने नवा वेश धारण केला. फार लांब ओळ वाचताना नजर चुकते, म्हणून त्यात ओळींची लांबी मर्यादित केली होती. अनेकांना ते आवडले, तर अनेकांना कडेच्या मोकळ्या जागा खटकल्या. बराच वाद झाला. तेव्हा ओळी पुन्हा रुंद करण्याची कळ वाचकाच्या हाती देण्यात आली, आणि ज्या सदस्यांना जुनाच वेश प्रिय होता, त्यांना तो ठेवण्याची मुभाही राहिली.

मराठी वाचकांना या विषयाची निकड अधिक आहे. अनेक थीम मुळात रोमन लिपीसाठी रचलेल्या असतात. रोमन अक्षरांना मात्रा-वेलांट्या नसतात. म्हणून त्या थीममध्ये ओळी दाटीने बसविलेल्या असतात. देवनागरीचा विस्तार मात्र खाली-वर दोन्हीकडे असतो. ‘स्फूर्ती’ या एका शब्दात खाली ऊकार आणि वर वेलांटी व रफार असा परिवार आहे. त्याला जागा अपुरी पडली, म्हणजे काना-मात्रा छाटल्या जातात. मग खालचा उकार नाहीसा होऊन ‘मुळा’चा ‘मळा’ होतो आणि ‘खूण’ची ‘खण’ होते! येथे वेशाने मजकुरावरच घाला घातला, असे म्हणावे लागेल. उपाय मात्र एका ओळीचा आहे. दोन ओळींतील अंतर वाढविणारा नियम आपल्या पत्रकात लिहिला, की छाटलेली अक्षरे पुन्हा पूर्ण दिसू लागतात.

इंग्रजी शीर्षकांत शोभेसाठी अक्षरे एकमेकांपासून दूर ठेवतात. तोच नियम देवनागरीला लावला, तर शिरोरेघ ठिकठिकाणी तुटते आणि शब्द तुटलेल्या माळेसारखा दिसतो. तसेच ‘ल’ आणि ‘श’ यांचे मराठी वळण हिंदी वळणाहून निराळे आहे. पानाची भाषा मराठी आहे, अशी खूण मजकुरात असेल, तर दोन्ही वळणे बाळगणारे टंक आपोआप मराठी वळण निवडतात.

रंगांचाही विचार असाच करावा लागतो. अक्षर आणि त्यामागची पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील भेद मोजता येतो. पांढऱ्यावर काळे असल्यास तो २१ास १ असा सर्वाधिक असतो. नेहमीच्या मजकुरासाठी तो निदान साडेचारास एक असावा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. फिकट करड्या अक्षरांची ऐट पुष्कळदा या कसोटीला उतरत नाही.

सदरा अंगावर शोभावा हे खरे. पण तो घालून हात हलविता आला पाहिजे. शैलीपत्रकाचेही तसेच आहे. ते लिहिणाऱ्याने आधी आपल्या वाचकांकडे पाहावे. त्यांत तीक्ष्ण नजरेचा मुलगा असेल, तशी आजीही असेल. तिला मोठा टाइप हवा असेल, तर तो मिळण्याची वाट मोकळी ठेवणे, हीच त्या पत्रकाची खरी शोभा होय.

स्वाध्याय

१. मजकूर आणि सजावट एकत्र असल्यामुळे कोणत्या अडचणी येत होत्या?
२. १९९८ च्या दुरुस्तीचे मोल मोठे का मानले आहे?
३. थीम बदलताना निराळे पत्रक का जोडतात?
४. खालचा उकार छाटला गेल्यास अर्थ बदलेल, असे आणखी पाच शब्द शोधा.