रावबहादूर मुधोळकर : वकिली, राजकारण व उद्योगचिंता

अमरावतीच्या जुन्या वकीलमंडळींची गोष्ट निघाली म्हणजे दादासाहेब खापर्ड्यांचें नांव प्रथम निघतें, आणि तें योग्यच आहे. परंतु त्यांचेच समव्यवसायी रावबहादूर रघुनाथ नरसिंह मुधोळकर यांस 'मवाळ' या एका शब्दांत गुंडाळून ठेवण्याची जी रीत पडली आहे, ती आमच्या मतें न्याय्य नव्हे.

मुधोळकरांचा जन्म १६ मे १८५७ रोजीं धुळें येथें झाला. वकिली त्यांनीं अमरावतीस केली. तत्कालीन वऱ्हाडची स्थिति ध्यानांत घेतल्यावांचून त्यांच्या राजकारणाचा उलगडा होत नाहीं. १८५३ च्या तहानें हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखालीं आला, तरी स्वामित्व निजामाचेंच राहिलें. १९०२ सालीं सालिना २५ लक्ष रुपयांवर कायमचा पट्टा झाला व पुढील वर्षीं वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभारास जोडला गेला. खुद्द मध्यप्रांताचें कायदेमंडळ १९१४ पर्यंत भरलें नव्हतें. सारांश, अमरावती-अकोल्याच्या वकिलास कायद्यावर वाद घालतां येई. पण आपल्या प्रांताचा कायदा करणारें मंडळच त्याला नव्हतें. त्यानें दाद मागावयाची ती राष्ट्रसभेंत, नाहीं तर थेट विलायतेंत. १८९० सालीं राष्ट्रसभेचें शिष्टमंडळ इंग्लंडास गेलें, त्यांत ह्यूम, नॉर्टन व सुरेंद्रनाथ बानर्जी यांच्या जोडीस मुधोळकर होते.

त्यांचें खरें जीवितकार्य मात्र आम्हांस निराळेंच वाटतें. १९०५ सालीं काशीस रमेशचंद्र दत्तांच्या अध्यक्षतेखालीं पहिली औद्योगिक परिषद भरली. तिच्या कार्यवाहपदाचा भार मुधोळकरांनीं वाहिला आणि तिचे अहवाल अमरावतीहून प्रसिद्ध होऊं लागले. अखिल हिंदुस्थानच्या उद्योगधंद्यांची चिंता वऱ्हाडांतील एका वकिलानें वाहावी, हें वरवर पाहतां नवल खरें. परंतु कच्चा कापूस बाहेर जातो व कापड होऊन परत येतो, हें वऱ्हाडी माणसास ग्रंथांतून शिकावें लागत नसे. बाजाराच्या दिवशीं गाड्यांच्या रांगाच तें सांगत.

१९०७ सालीं सुरतेस राष्ट्रसभा दुभंगली. खापर्डे टिळकांबरोबर गेले, मुधोळकर नेमस्तांत राहिले. १९१२ सालीं बांकीपूरच्या अधिवेशनाचें अध्यक्षपद त्यांस मिळालें. तीनच दिवस आधीं दिल्लींत लॉर्ड हार्डिंजवर बाँब पडला होता.

डिसेंबर १९२० मध्यें नागपूरच्या राष्ट्रसभेनें असहकारितेचा ठराव कायम केला. त्यांत वकिलांनीं न्यायालयें सोडावीं हेंहि कलम होतें. पुढें पंधरवड्यांतच, १३ जानेवारी १९२१ रोजीं, मुधोळकर निवर्तले. मौज अशी, कीं त्या मार्गाला जहाल खापर्ड्यांचाहि विरोधच होता.