हमीपत्रावर सही करण्यापूर्वी

दिवाळीच्या सुटीनंतरची गोष्ट. कोर्टातून घरी आलो तर धाकटी बहीण कागद घेऊन बसलेली. "दादा, ही पोरगी विमान चालवायला जाते म्हणते. सही मागते. तू वकील आहेस, आधी वाच." भाची मागे उभी होती, एनसीसीच्या गणवेशात.

कागद एका पानाचा, भाषा सरकारी. मुलगी स्वेच्छेने जात आहे, जोखीम पालकांना माहीत आहे, वगैरे. ही मुलगी एनसीसीच्या हवाई विभागात आहे हे मला ठाऊक होते. पण तिथे मुलांना खरोखर विमानात बसवतात आणि दांडा हातात देतात, हे मला वयाच्या सत्तेचाळीसाव्या वर्षी कळले. वीस वर्षे वस्तीतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणाऱ्या माणसाची ही कबुली आहे.

एनसीसी १९४८ च्या कायद्याने स्थापन झाली, हवाई विभाग १९५० साली सुरू झाला. म्हणजे ही सोय आपल्या बापाच्या काळापासून आहे! २०१५ साली केंद्र सरकारने स्लोव्हेनियातील पिपिस्ट्रेल कंपनीशी १९४ मायक्रोलाईट विमानांचा करार केला. त्यांतील ११० एनसीसीसाठी होती. दोन माणसे शेजारी-शेजारी बसतात, इंजिन ८० अश्वशक्तीचे. शेजारी प्रशिक्षक आणि दोघांपुढेही नियंत्रणे.

बहिणीचा प्रश्न एकच होता. वर गेल्यावर इंजिन बंद पडले तर? नवरा गेल्यापासून घर तिच्या शिवणयंत्रावर चालते, मुलगी एकुलती. हा प्रश्न टाळून सही करणे मला पटेना. मी भाचीची उलटतपासणीच घेतली.

ती म्हणाली, "मामा, इंजिन बंद पडलं तरी विमान दगडासारखं पडत नाही. नाक खाली करायचं, वेग राखायचा, तरंगत उतरायचं. धावपट्टी सोडल्या-सोडल्या बंद पडलं तर मागे वळायचं नाही, समोर जी मोकळी जागा दिसेल तिथे उतरायचं. मागे वळायचा मोहच जीव घेतो."

मग तिने 'स्टॉल' समजावले. मी समजत होतो, स्टॉल म्हणजे गाडीसारखे इंजिन बंद पडणे. तसे नव्हे. पंख हवेला फार चढ्या कोनात धरला की त्यावरून वाहणारी हवा सुटते आणि पंख उचलेनासा होतो. इंजिन चालू असले तरी. नवशिक्याला विमान खाली जाताना दिसते, तो घाबरून दांडा मागे ओढतो, आणि कोन आणखी वाढतो. उपाय उलटा आहे. दांडा पुढे ढकलायचा. भीती जे करायला सांगते त्याच्या विरुद्ध करायला हात शिकवावा लागतो, आणि तो सराव प्रशिक्षकासोबत, पुरेशा उंचीवर करून घेतात.

मायक्रोलाईटचा दुसरा प्रकार पतंगासारख्या कापडी पंखाचा. अमेरिकेतील रोगालो पती-पत्नीने १९४८ साली असा लवचीक पंख केला, तोही स्वयंपाकघरातील पडद्याच्या कापडाचा. त्याची दांडी पुढे ढकलली की नाक वर जाते. म्हणजे एका विमानाची सवय दुसऱ्यात घातक!

विमान हलके, त्यामुळे वाऱ्याचे खेळणे. आपल्या विदर्भाच्या उन्हात तापलेली हवा विरळ होते, धावपट्टी जास्त लागते, दुपारी जमिनीवरून उठणारे झोत विमान उचलून आपटतात. म्हणून असे उड्डाण भल्या सकाळी.

आता वकील म्हणून दुसरी बाजू. एनसीसीत मिळतात ती मोजकी उड्डाणे. त्यावर लायसन्स मिळत नाही. विद्यार्थी वैमानिकाचे लायसन्स सोळाव्या वर्षी आणि दहावीवर काढता येते, ते कठीण नाही. पण व्यावसायिक वैमानिक व्हायचे तर २०० तास उड्डाण लागते, आणि प्रत्येक तासाला पैसा मोजावा लागतो. ब्रिटनमध्ये केवळ मायक्रोलाईटचे लायसन्स किमान २५ तासांत मिळते, त्यांतले १० एकट्याने. आपल्या वस्तीतल्या मुलाला तेवढेही परवडणारे नाहीत. आणि मुळात हवाई विभाग मोजक्याच कॉलेजांत. जिथे आहे तिथेही भरतीची सूचना प्रवेशाच्या धावपळीत फलकावर लागते आणि उतरते. माझ्या कॉलेजच्या दिवसांत मी एनसीसीची चौकशी केली तेव्हा कार्यालयातल्या बाबूने वर न पाहता म्हटले होते, "ते तुम्हा लोकांचं काम नाही." मी परत फिरलो. आज राग येतो तो बाबूपेक्षा स्वतःचा.

मी बहिणीला सगळे सांगितले, धोकाही लपवला नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पेन दे." सही तिनेच केली.

पहिल्या उड्डाणानंतर भाची आली ती तोंड पाडून. सारखी घड्याळाच्या काट्यांकडे बघत राहिली, विमान वर-खाली डोलत राहिले. शेवटी प्रशिक्षकांनी काटे कागदाने झाकले आणि बाहेर क्षितिजाकडे बघ म्हणाले. दांडाही इतका घट्ट धरला होता की बोटे दुखत होती. पुढच्या वेळी दोन बोटांनी धरायचा आहे.

बहिणीने विचारले, "आणि खाली बघितलंस का?"

"आपली वस्ती शोधत होते," ती म्हणाली, "पण सापडेपर्यंत वळायची वेळ झाली."