शेजारी शब्द, निराळे स्वभाव

'बारीक' किंवा 'सडपातळ' या अर्थाचे इंग्रजी शब्द शोधायला शब्दकोश उघडला, तर थिन, स्लिम, स्लेंडर, लीन, स्किनी अशी रांगच समोर उभी राहते. अर्थ एकच, मग इतके शब्द कशाला? प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गात मी इंग्रजी शिकवतो. तिथे हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच. आज त्याविषयीच, म्हणजे एकमेकांसारख्या दिसणाऱ्या इंग्रजी विशेषणांविषयी, थोडं बोलायचं आहे.

समानार्थी शब्द एकत्र मांडण्याचं मोठं काम पीटर मार्क रॉजे या इंग्रज डॉक्टरनं केलं. त्याचा 'थिसॉरस' १८५२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा तो ७३ वर्षांचा होता. त्यानं शब्द वर्णानुक्रमानं न लावता अर्थाप्रमाणे लावले. त्यामुळे एका अर्थाचे शब्द चाळीतल्या बिऱ्हाडांसारखे शेजारीशेजारी आले. पण जिना एक असला म्हणून बिऱ्हाडांचे स्वभाव एक होत नाहीत, तसंच या शब्दांचं आहे.

पहिला फरक असतो तो बोलणाऱ्याच्या भावनेचा. 'थिन' म्हणजे नुसतं बारीक. 'स्लिम' आणि 'स्लेंडर' म्हणजे सडपातळ, यात कौतुक आलं. 'लीन' म्हणजे चरबी नसलेला, काटक. आणि 'स्किनी' म्हटलं की बऱ्याचदा आपला हडकुळा डोळ्यांसमोर येतो. वजनकाट्यावरचा आकडा तोच, पण शब्द बदलला की माणूस सुखावतो किंवा दुखावतो. तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी १९४८ साली बीबीसीवरच्या एका कार्यक्रमात याची गंमत दाखवली होती. एकच गुण स्वतःबद्दल, समोरच्याबद्दल आणि तिसऱ्याबद्दल सांगताना आपण विशेषण कसं उतरवत नेतो, हे त्यांनी क्रियापदं चालवावीत तसं चालवून दाखवलं. मराठीत करून बघा: मी काटकसरी, तुम्ही जरा हात आखडता घेणारे, आणि तो मात्र पक्का चिक्कू!

दुसरा फरक असतो शब्दांच्या घराण्याचा. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि त्यानंतर तिथे दरबाराची भाषा फ्रेंच झाली. पंडितांची लॅटिन होतीच. म्हणून इंग्रजीत 'राजाचा' या अर्थाची तीन विशेषणं नांदतात: देशी 'किंगली', फ्रेंचमधून आलेलं 'रॉयल' आणि लॅटिनमधून आलेलं 'रीगल'. राजघराणं 'रॉयल' असतं, एखाद्याची ऐट 'रीगल' असू शकते. आपल्याला हे नवं नाही. आपल्याकडे पांढरा, शुभ्र, श्वेत आणि सफेद हे चौघं आहेतच की. केस पांढरे होतात, श्वेत होत नाहीत. सरकार श्वेतपत्रिका काढतं, पांढरी पत्रिका काढत नाही. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं; कानानं शिकवलेलं असतं.

तिसरा फरक शब्दाच्या शेपटीचा. 'हिस्टॉरिक' आणि 'हिस्टॉरिकल' या दोन्हींसाठी आपण 'ऐतिहासिक' म्हणून मोकळे होतो. पण इतिहास घडवणारं ते 'हिस्टॉरिक' आणि इतिहासाशी संबंधित ते 'हिस्टॉरिकल'. १९२७ सालचा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह 'हिस्टॉरिक'. शिवकाळावरची कादंबरी 'हिस्टॉरिकल'. तसंच 'इकॉनॉमिक' म्हणजे अर्थव्यवस्थेविषयीचं आणि 'इकॉनॉमिकल' म्हणजे कमी खर्चाचं. 'चाइल्डलाइक' म्हणजे लहान मुलासारखा निर्मळ, तर 'चाइल्डिश' म्हणजे पोरकट. एक शेपूट बदलली की प्रशंसेची टीका होते.

इथपर्यंत फार तर गैरसमज होतील. पण काही ठिकाणी जिवाशी गाठ असते. पेट घेणारं ते 'इन्फ्लेमेबल'. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थच पेटवणं. पण सुरुवातीचं 'इन' ऐकून अनेकांना वाटतं की हे नकाराचं 'इन' आहे, म्हणजे हा पदार्थ पेटत नाही! हा घोटाळा टाळण्यासाठी अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संघटनेनं १९२० च्या दशकापासून 'फ्लेमेबल' या सुटसुटीत शब्दाचा आग्रह धरला. आज टँकरवर, पिंपांवर बहुधा तोच दिसतो. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, आणि दोन्ही वाचले की काडी खिशातच ठेवायची.

बेंजामिन ली व्होर्फ हे भाषेचे अभ्यासक आग-विम्याच्या कंपनीत नोकरी करत. पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ माणसं जपून वागतात, पण 'एम्प्टी', म्हणजे रिकाम्या पिंपांजवळ खुशाल विडी-सिगारेट ओढतात, हे त्यांनी टिपलं. पेट्रोल संपलेलं असलं, तरी पिंपात त्याची वाफ कोंडलेली असते आणि ती भडका उडवू शकते. 'रिकामं' या एका विशेषणानं माणसं निर्धास्त होत होती.

आपल्याकडे आणखी एक भर पडते. आपण मराठी मनानं इंग्रजी शब्द वापरतो. स्थळांच्या जाहिरातीत 'होमली' मुलगी हवी असते. आपल्या मनात असते घर सांभाळणारी, मायाळू मुलगी. पण अमेरिकेत माणसाला 'होमली' म्हणणं म्हणजे तो दिसायला बेताचाच आहे असं म्हणणं. तिकडच्या स्थळाला असं पत्र गेलं, तर काय होईल याची कल्पना करा. जाड माणसाला आपण भिडस्तपणे 'हेल्दी' म्हणतो. इंग्रजीत त्याचा अर्थ केवळ निरोगी.

माझ्या वर्गातल्या एका तरुणानं परदेशातल्या नोकरीसाठी साहेबांकडून शिफारसपत्र घेतलं होतं. साहेबांनी मोठ्या प्रेमानं लिहिलं होतं, 'ही इज अ सिंपल मॅन.' मराठीत 'साधा माणूस' ही केवढी पावती! पण इंग्रजीत माणसाला 'सिंपल' म्हटलं की कित्येकदा 'डोक्यानं बेताचा' असा वास येतो. हिशेबाच्या कामासाठी अर्ज करणाऱ्या मुलाला हे विशेषण महागात पडलं असतं. मी त्याला 'मॉडेस्ट' हा शब्द सुचवला, म्हणजे गुण असून मिरवत नाही असा. त्यानं भीत भीत साहेबांना सांगितलं आणि साहेबांनी हसत पत्र बदलून दिलं.

मग हे फरक शिकायचे कसे? शब्द आणि अर्थ अशा दोन रकान्यांच्या वह्या पाठ करून ते येत नाहीत. जे. आर. फर्थ नावाच्या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाचं सांगणं होतं की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. चहा 'स्ट्राँग' असतो, 'पॉवरफुल' नसतो. पाऊस 'हेवी' असतो. माणूस 'टॉल' असतो, 'हाय' नव्हे. मराठीतही चहा कडक असतो, बळकट नसतो. म्हणून नवं विशेषण भेटलं की ते एकटं उचलू नका, त्याच्या सोबतच्या नामासकट उचला. शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम केलेले कोश यासाठी फार उपयोगी. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर असा कोश तयार केला. १९४८ साली तो ऑक्सफर्डनं काढला आणि त्याच्या नव्या आवृत्त्या आजही निघतात. त्यात अर्थाखालची उदाहरणं आधी वाचा, अर्थ मागून वाचलात तरी चालेल.

आणि एखाद्या माणसाबद्दल लिहिताना दोन विशेषणांत अडलात, तर स्वतःला एक प्रश्न विचारा: हाच शब्द कुणी माझ्याबद्दल लिहिला, तर मला चालेल का? पुष्कळदा योग्य शब्द तिथेच सापडतो.