लॅपटॉपला तुमचा चेहरा दिसतो तरी कसा?

चेहरा पाहून उघडणाऱ्या ‘विंडोज हॅलो’ची सोय असलेला लॅपटॉप उघडा आणि स्क्रीनच्या वरच्या कडेकडे नीट बघा. कॅमेऱ्याशेजारी एक लालसर ठिपका क्षणभर लुकलुकतो. काही लॅपटॉपवर तोही दिसत नाही. मग मोबाइलचा सेल्फी कॅमेरा तिथे धरून पाहा, बहुधा जांभळट उजेड दिसेल. लॅपटॉपने तुमच्या तोंडावर चक्क बॅटरी मारलेली असते, पण आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाची. हा इन्फ्रारेड, म्हणजे अवरक्त प्रकाश. टीव्हीच्या रिमोटमधूनही तोच निघतो.

एवढा खटाटोप कशाला, साधा वेबकॅम चालला नसता का? ते करून झालं होतं. लेनोवो, आसुस आणि तोशिबाच्या काही लॅपटॉपमध्ये साध्या कॅमेऱ्यावर चेहरा ओळखण्याची सोय होती. २००९ साली हनोईच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या ‘ब्लॅक हॅट’ या संगणक-सुरक्षा परिषदेत तिन्हींचे धिंडवडे काढले. हत्यार काय, तर मालकाचा फोटो!

२०१५मध्ये विंडोज १० बरोबर ‘हॅलो’ आलं ते अवरक्त कॅमेरा घेऊनच. त्याच्यासमोर मोबाइलवरचा फोटो धरला, तर त्याला नुसती काळी पाटी दिसते, कारण मोबाइलची स्क्रीन असा प्रकाश जवळजवळ सोडतच नाही. त्वचेला रंग देणारं मेलॅनिनही हा प्रकाश फार कमी शोषतं. त्यामुळे गोरी काय, सावळी काय, सगळी कातडी त्या कॅमेऱ्याला बरीचशी एकसारखी फिकट दिसते. गोरेपणाची क्रीमं विकणाऱ्यांनी हे चित्र एकदा बघावंच.

मग डोळे, नाक, ओठ यांच्या जागा शोधल्या जातात. मान फार वळलेली नाही ना, हे तपासलं जातं. चेहऱ्यावरच्या हजारो ठिकाणी उजेड-सावलीचा फरक मोजून त्याची आकड्यांची एक माळ तयार होते, आणि नोंदणीच्या वेळी साठवलेल्या माळेशी ती ताडून पाहिली जाते. तुमचा फोटो साठवलेलाच नसतो. भलत्याच माणसाला आत घेण्याची शक्यता लाखात एकाहून कमी, असं मायक्रोसॉफ्ट सांगते.

मला खरी कमाल वाटते ती पुढची. चेहरा जुळला म्हणजे चेहराच किल्ली झाला, असं नाही. खरी किल्ली असते टीपीएम नावाच्या चिपमध्ये, आणि ती तिथून कधीच बाहेर पडत नाही. चेहरा पटल्यावर चिपला फक्त परवानगी मिळते. मग चिप त्या किल्लीने एक डिजिटल सही करते. इंटरनेटवरच्या खात्यात शिरतानाही पलीकडे जाते ती ही सही. पासवर्ड जात नाही आणि चेहरा तर नाहीच. म्हणजे सर्व्हर फोडून चोरांना तुमचा चेहरा मिळणार नाही, कारण तो तिथे नसतोच.

‘हॅलो’ला चकवण्याचे प्रयोग अर्थात थांबले नाहीत. २०१७मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी मालकाचा अवरक्त फोटो लेझर प्रिंटरवर छापून विंडोज १०च्या तेव्हाच्या काही आवृत्त्यांना चकवलं. २०२१चा प्रकार तर आणखी अफलातून. सायबरआर्क या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी कॅमेरा असल्याचं सोंग घेणारं एक यूएसबी उपकरण बनवलं. ‘हॅलो’चा दिवा एका फ्रेमला पेटतो, पुढच्या फ्रेमला विझतो. संशोधकांनी त्या उपकरणातून मालकाचा एक अवरक्त फोटो पाठवला आणि पाठोपाठ एक कोरी काळी फ्रेम. झालं, लॅपटॉप उघडला! चेहरा ओळखण्यात चूक झालीच नव्हती. चूक होती ती कुठल्याही कॅमेऱ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवण्यात. मायक्रोसॉफ्टने मग ते भोक बुजवलं.

२०२५पासून आणखी एक अट आली आहे: अवरक्त कॅमेऱ्याबरोबर रंगीत कॅमेऱ्यालाही तुमचा चेहरा दिसला पाहिजे. सुरक्षेसाठी ते योग्यच, पण मिट्ट काळोखात लॅपटॉप आपल्याला ओळखायचा, ती गंमत संपली.

आणि एक सांगायचं म्हणजे, ‘हॅलो’ सुरू करताना पिनही ठेवावाच लागतो. चेहरा पटला नाही तर त्याच पिनने लॅपटॉप उघडतो. तुम्ही तो जन्मसाल ठेवला असेल, तर आजच बदला.