सोनगीरच्या पाण्यात कोणते मासे नांदतील?

मासे आणायला धुळ्याला निघण्याआधी घरातले पाणी तापवायचे पातेले आतून नीट पाहा. बोअरचे पाणी रोज तापत असेल, तर तळाला आणि काठाला पांढरट थर धरलेला दिसेल. नखाने खरवडला की त्याचे पापुद्रे निघतात. हे पाण्यातले क्षार. आपल्या भागाची जमीन काळ्या बेसॉल्ट खडकाची. त्याच्या भेगांतून झिरपणारे पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेऊन येते, म्हणून बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि त्याचा सामूही (पीएच) बहुतेक वेळा सातच्या वर असतो. पहिल्या टाकीत कोणते मासे घालावेत, याचे निम्मे उत्तर त्या पांढऱ्या थरात आहे.

दुकानात सगळे मासे शेजारी शेजारी पोहताना दिसतात, म्हणून ते एकाच पाण्याचे आहेत असे वाटते. तसे नसते. लाल-निळी चमक मारणारा निऑन टेट्रा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, मऊ आणि किंचित आम्ल पाण्यातला. त्याला जड पाण्यात ठेवला तर तो लगेच मरत नाही, पण त्याचा रंग उतरतो, तो रोगाला लवकर बळी पडतो आणि एकेक करून कमी होत जातो. डिस्कसचे पाणीही मऊच. उलट गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल या पिल्ले देणाऱ्या माशांना जड पाणी मानवते. पाणी बदलण्याची खटपट करण्यापेक्षा पाण्याला साजेसा मासा निवडावा, असे माझे ठाम मत आहे. आरओचे जारचे पाणी वापरले की प्रश्न सुटेल असे अनेकांना वाटते. पण त्या पाण्यात क्षार फारच थोडे उरतात. नुसत्या अशा पाण्यात सामू स्थिर राहत नाही.

गप्पी तर आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य विभाग हौदांत, डबक्यांत हे मासे सोडतो आणि अनेक आरोग्य केंद्रांच्या आवारात त्यांच्या पैदाशीचे हौद असतात. मूळचा हा मासा त्रिनिदाद आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्याकडचा. त्रिनिदादच्या रॉबर्ट गप्पी यांच्यावरून १८६६ मध्ये त्याला हे नाव पडले. नर जेमतेम तीन सेंटीमीटरचा, रंगीत शेपटीचा. मादी त्याच्या दुपटीच्या आसपास, फिकट. मादी साधारण महिन्याला पिल्ले देते आणि नर नसतानाही पुढच्या काही वेतांपुरते बीज तिच्या पोटात साठलेले असते. पिल्लांचा पसारा नको असेल तर पहिल्या टाकीत फक्त नर ठेवावेत. दोन्ही ठेवायचे असतील तर एका नरामागे दोन-तीन माद्या हव्यात, नाहीतर नर एकाच मादीच्या मागे लागून तिला दमवतात.

पाण्यानंतर ऊन. वैशाखात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो तेव्हा पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात टाकीचे पाणीही तिशी ओलांडते. गोल्डफिश मुळात थंड पाण्याचा, त्याला ही उष्णता मानवत नाही. शिवाय फेंगशुईच्या नावाने आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे दोन फुटी टाकीत ठेवायचा सल्ला दिला जातो. त्यातला एकेक मासा नीट वाढला तर वीतभर होतो आणि घाणही भरपूर करतो. नऊ माशांना ती टाकी पुरणे शक्य नाही. हा सल्ला मानू नये.

उन्हाचा खरा धोका समजून घेण्यासारखा आहे. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो: वीस अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास, तर तीस अंशांना साडेसात. दुसरीकडे माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचा काही भाग निरुपद्रवी आणि काही विषारी असतो. सामू एका अंकाने वाढला की विषारी भाग जवळजवळ दहापट होतो, आणि उष्णतेनेही तो वाढतो. म्हणजे जड, तापलेल्या पाण्यात तेवढीच घाण जास्त मारक ठरते. म्हणून पुस्तकात लिहिलेल्या संख्येपेक्षा आपल्याकडे मासे कमीच ठेवावेत.

उपाय साधा आहे. टाकी पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. उन्हाळ्यात काचेच्या झाकणाऐवजी जाळी टाका आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडा. आपली हवा कोरडी असल्याने बाष्पीभवन जोरात होते आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. मात्र उडून जाते ते नुसते पाणी. क्षार टाकीतच राहतात. फक्त भर घालत राहिलात तर पाणी आणखी जड होत जाते, म्हणून दर आठवड्याला पाव भाग पाणी काढून नवे घालायलाच हवे. धुळ्याचा हिवाळाही कडक असतो, किमान तापमान एक आकडी होते. तेव्हा पन्नास लिटरच्या टाकीला पंचाहत्तर ते शंभर वॅटचा हीटर लागतो.

नव्या पाण्याबद्दल दोन गोष्टी. नळाच्या पाण्यात टीसीएल (क्लोरीनची) पावडर घातलेली असते. ते पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब घालावेत. आणि ही बादली प्लॅस्टिकची असावी. सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले गाव. पिण्याचे पाणी इथे घरोघरी तांब्याच्या हंड्यात असते. माणसाला ते चालते, टाकीला नाही. विरघळलेले तांबे गोगलगायी आणि झिंग्यांना फार थोड्या प्रमाणातही मारते, जास्त झाले तर माशांच्या कल्ल्यांना इजा करते. जड पाण्यात हा परिणाम काहीसा सौम्य होतो, पण त्यावर विसंबू नये.

आता सोबत. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत वाळू आणि वरची मोकळी जागा सोडून पंचेचाळीस लिटरच्या आसपास पाणी मावते. तेवढ्यात माझी निवड अशी: पाच प्लॅटी आणि सहा झेब्रा. झेब्रा हा भारतीय उपखंडातलाच मासा, निळ्या पट्ट्यांचा, थंडी-ऊन दोन्ही सोसणारा. तो थव्यात राहतो. दोन-तीनच आणले तर बेचैन होऊन इतरांच्या लांब पंखांना तोंड लावतो, म्हणून सहा. लांब शेपटीचे गप्पी त्याच्याबरोबर न ठेवता वेगळ्या टाकीत ठेवावेत. टायगर बार्ब तर शेपट्या कुरतडण्यासाठीच ओळखला जातो. एंजल लहानपणी गरीब दिसतो, मोठा झाला की तोंडात मावेल तो मासा गिळतो. फायटर गप्पीच्या रंगीत शेपटीला दुसरा नर समजून हल्ला करतो. काच साफ करतो म्हणून दुकानात हमखास सुचवला जाणारा सकर फूटभराच्या पुढे वाढतो. त्याला ही टाकी काही महिनेच पुरते.

टाकी भरल्या दिवशी सगळे मासे आणू नका. अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वसायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कुणाच्या जुन्या टाकीतला स्पंजाचा तुकडा मिळाला तर हे काम लवकर होते. सुरुवातीला तीन प्लॅटी, चिमूटभर खाद्य, आणि बाकीचे महिन्याभराने. स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळावा. टीसीएल घातलेल्या पाण्याच्या नळाखाली धुतला तर जिवाणू मरतात आणि सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते. वीज जाते तेव्हा फिल्टर आणि हवेचा पंप दोन्ही थांबतात. बॅटरीवर चालणारा छोटा पंप उन्हाळ्यात घरात असावाच.

मासे धुळ्याहून आणायचे ते संध्याकाळी. पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, मग थोडे थोडे टाकीचे पाणी तिच्यात घालून मासे जाळीने सोडावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

आणि एक विनंती. वाढलेला सकर किंवा नकोसा झालेला कुठलाही मासा जामफळ धरणात, पांझरेत किंवा गावच्या विहिरीत सोडू नका. उजनी धरणात असेच पोहोचलेले सकर आज मच्छीमारांची जाळी फाडतात आणि स्थानिक माशांची जागा खातात. दुकानदाराला परत द्या, नाहीतर मोठी टाकी असलेल्या कुणाला तरी द्या.